मिठाईच्या डब्यातली माणसं

माझ्या घरी येणारं माणूस हातात मिठाईचा डबा घेऊन येतं, त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा अजून समज आहे की वसुधाताईंकडे रोज काहीतरी आनंदाचं घडत असतं. डब्यात मिठाई नसते. कागद असतात. काजूकतलीच्या डब्यात पणजोबांचं खरेदीखत, सोनपापडीच्या डब्यात आजीला आलेली पोस्टकार्डं. एकदा तर केकच्या खोक्यातून अख्खं घराणं आलं होतं, कडेला क्रीमचा डाग घेऊन. आणि कागदांना झुरळं का लागतात, असं हीच मंडळी मला विचारतात.

माझा धंदा जुने कागद वाचण्याचा. मोडीतले, पाण्याने शाई फुटलेले, वाळवीने अर्धे खाल्लेले. पूर्वी लोक जमिनीच्या कामासाठी यायचे, मग दाखल्यांसाठी येऊ लागले, आणि अलीकडे नुसतेच येतात, "आमचं मूळ कुठलं ते बघा" म्हणून. अंबरनाथ-बदलापूरकडे जो तो कुठून तरी येऊन राहिलेला. जुनं घर सोडताना माळ्यावरची ट्रंक खाली येते, उघडली जाते, आणि माणसाला एकदम आपण कोण असा प्रश्न पडतो. नवीन फ्लॅटला माळा नसतो. मग ट्रंकेतलं सगळं माझ्या डायनिंग टेबलावर येतं आणि आम्ही जेवायला खाली बसतो. आमच्या ह्यांनी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर टेबलावर बसून आरामात जेवायचं ठरवलं होतं. तो बेत अजून तसाच आहे.

मी हे शिकले उल्हासनगरात. लग्नाआधी मी तिथे गद्रेकाकांकडे टायपिस्ट होते. सरकारी कचेरीच्या बाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे ते. काकांना मोडी येत होती पण डोळ्यांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं पण मोडी येत नव्हती. मी अक्षराचं वळण त्यांच्या तळहातावर बोटाने काढून दाखवायची आणि काका वाचायचे. असं करता करता एक दिवस वळण काढायच्या आधीच शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला. काका म्हणाले, "झालं, आता मी मरायला मोकळा." त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले आणि माझ्या चुका काढत राहिले.

या धंद्यात पहिली गोष्ट कळली ती ही, की प्रत्येकाला आपला पूर्वज सरदार हवा असतो. पालेगावचे बाळारामशेठ आले होते. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर गावाने त्यांना शेठ केलं, त्याआधी ते बाळ्या होते. आल्या आल्या म्हणाले, "बाई, आमचा खापरपंजा पाटील व्हता. या कागदान लिवलंय, नीट वाचा." मी नीट वाचलं. खापरपणजोबांच्या म्हशी देवळाच्या शेतात शिरल्या होत्या आणि पुन्हा शिरणार नाहीत अशी त्यांनी पंचांपुढे कबुली दिली होती. बाळारामशेठनी मला तो कागद तीनदा वाचायला लावला. शेवटी विचारलं, "म्हशी कवड्या व्हत्या?"

"सात."

"सात म्हशी!" त्यांचा चेहरा उजळला. "त मंग पाटलाचं काय घेऊन बसलीव? सात म्हशी म्हंजे मोठाच मानूस असंल." कागद त्यांनी जपून डब्यात ठेवला. तो डबा मात्र पेढ्यांनी भरून परत आला, हे त्यांच्या बाबतीत सांगायलाच हवं.

दुसरे मनोहरभाई. उल्हासनगरात त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. फाळणीनंतर त्यांचे आजोबा सिंधमधून आले तेव्हा गोधडीत शिवून एक कागद आणला होता. आजोबांनी तो कधी कुणाला वाचून दाखवला नाही, आणि घरात दोन पिढ्या त्या कागदाला उदबत्ती ओवाळली जात होती, कारण तो तिकडच्या हवेलीचा कागद आहे अशी सगळ्यांची खात्री होती. लिपी अरबी वळणाची, जुन्या सिंधीची. ती मला येत नाही आणि मनोहरभाईंनाही नाही. मी त्यांना माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सिंधी मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तर वाचायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मनोहरभाईंच्या पणजोबांनी परगावाहून बायकोला लिहिलं होतं की, पापड नीट वाळवून पाठव, मागच्या खेपेचे बुरशीने गेले, आणि धाकट्याला थंडीत कानटोपी घालत जा, तो काढून टाकतो.

धाकटा म्हणजे मनोहरभाईंचे आजोबा. मला वाटलं, गेली हवेली, आता हा माणूस नाराज होणार. त्यांनी कागद मास्तरांच्या हातातून घेतला. मग म्हणाले, "मॅडम, मैंने तो दादा को बूढ़ा ही देखा था. उनको भी कोई टोपी पहनाता था, ये कभी सोचा ही नहीं." आता तो कागद काचेच्या चौकटीत दुकानाच्या गल्ल्यावर लावलेला आहे. उदबत्ती चालूच आहे.

वाचकांना दोन-तीन गोष्टी फुकट सांगून ठेवते. घरातल्या जुन्या कागदांना प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी तर लावूच नका, ती अक्षरांसकट निघते. पाकिटं फेकू नका. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का कित्येकदा आतल्या मजकुरापेक्षा जास्त बोलतो. आणि तिसरी गोष्ट, जी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ ऐकवते: मरणाचं पत्र घरात सापडणार नाही. पूर्वी कुणी गेल्याचं कार्ड आलं की ते उंबऱ्याबाहेरच वाचायचे, फाडून टाकायचे आणि अंघोळ करून आत यायचे. त्यामुळे घरातल्या पत्रांमध्ये माणसं जन्मतात, त्यांची बारशी होतात, मुंजी होतात, लग्नं ठरतात. पण मरत कुणी नाही. एक दिवस त्यांचा उल्लेख यायचा थांबतो, एवढंच. वाचणाऱ्याने तो थांबा ओळखायचा असतो.

हे शहाणपण मी इतकी वर्षं लोकांना वाटलं, आणि शालिनीताईंच्या वेळी स्वतःच विसरले.

शालिनीताई कात्रपच्या. पंच्याहत्तरी उलटलेल्या, ताठ, इस्त्रीची कॉटनची साडी. त्यांच्याकडे डबा नव्हता, एक पत्र्याची लहान पेटी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि बाकी काही न बोलता सरळ सांगितलं, "मला माझं आजोळ शोधून द्या."

त्या दीड वर्षाच्या असताना त्यांची आई गेली. वडील अंबरनाथला कारखान्यात होते. त्यांनी दुसरं लग्न केलं. या दुसऱ्या आईलाच शालिनीताई आई समजत होत्या, कारण वेगळं काही समजावं असं तिने कधी वागवलंच नाही. चौदाव्या वर्षी एका लग्नघरात वडिलांची चुलतबहीण सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हिची आई वेगळी होती हो." झालं. त्या दिवसापासून मुलगी घरात पाहुण्यासारखी राहू लागली. विचारलं कुणालाच नाही, आणि आपण होऊन सांगितलंही कुणी नाही. तेव्हा अशा गोष्टी घरात बोलत नसत.

"दाखल्यावर आईचं नाव काय आहे?" मी विचारलं.

"जानकी. ह्या आईचंच. माझ्या आईचं नावसुद्धा ठेवलं नाही हो त्यांनी." त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "नातीचं लग्न आहे मार्गशीर्षात. आमच्यात आजोळी अक्षत घेऊन जातात. माझ्या लग्नात गेली ती ह्या आईच्या माहेरी, दिघ्यांकडे, माणगावला. मामा म्हणून माझ्या पाठीशी उभा राहिला तोही तिचाच भाऊ, बंडूमामा. माझं कुणीच नव्हतं. मरायच्या आत माझ्या आईच्या माहेरी एकदा अक्षत ठेवायचीय. ते घर पडलं असेल तर नुसत्या जोत्यावर ठेवेन. पण कुठे आहे ते तर कळू दे."

पेटी आईची, म्हणजे सांभाळलेल्या आईची होती. ती गेल्यानंतर शालिनीताईंकडे आली आणि तशीच पडून राहिली. मी माझ्या पद्धतीने कागदांचे गठ्ठे केले. एक वडिलांच्या नोकरीच्या आणि घराच्या कागदांचा. एक भावकीच्या पत्रांचा. तिसरा सगळ्यात जाड, माणगावच्या दिघ्यांकडून "चि. सौ. जानकीस" आलेल्या पत्रांचा. तो शालिनीताईंनी स्वतःच बाजूला सरकवला. म्हणाल्या, "ही आईला तिच्या माहेरहून आलेली पत्रं. ह्यात माझं काही नसणार." मला ते पटलं. मी गठ्ठ्याला सुतळी बांधून तो खिडकीत ठेवला आणि त्यावर भिंग ठेवायला लागले.

बाकीचे दोन गठ्ठे मी उलटसुलट वाचले. घर बांधल्याचं वाचलं, भावकीतली भांडणं वाचली, कुणाच्या गाईला कालवड झाल्याचं वाचलं. शालिनीताईंच्या आईचं नावगाव कुठेच नव्हतं. त्या दर आठवड्याला फोन करायच्या, "काही सापडलं का हो?" आणि मी म्हणायची, "बघतेय." लग्न जवळ येत चाललं होतं. मला तो फोन नकोसा व्हायला लागला.

एका दुपारी मी पेटीतला एक फोटो मोबाइलवर मोठा करून बघत होते. आईच्या मांडीवर दोन-तीन वर्षांची शालू, असा. शेजारी आमच्या सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. नव्वदीला आल्यात, पण कानापेक्षा डोळे शाबूत आणि दोन्हीपेक्षा चौकसपणा. म्हणाल्या, "बघू कोण आहे ती." बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "ही दुसरेपणावर दिलेली दिसते."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"गळ्यात टाक आहे ना सवतीचा."

टाक म्हणजे देवघरातला, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेला देव, एवढंच मला ठाऊक. सासूबाईंनी सांगितलं. पहिली बायको गेली की तिची प्रतिमा सोन्याच्या लहानशा पत्र्यावर ठसवायची आणि दुसरीने ती मंगळसूत्रात घालायची. आपण नेसायच्या आधी नवी साडी तिला दाखवायची. "आणि काही घरांत नावसुद्धा तेच ठेवायचे. म्हणजे गेलेलीला वाटायला नको, की मला घराबाहेर काढलं." मी ऐकतच राहिले. सासूबाई वाल सोलतच बोलत होत्या. "आमच्या मोठ्या मावशीचं असंच होतं. टाक घातला की सवतीचं माहेर ते आपलं माहेर. तिची आई हिची ओटी भरायची. लेकीच्या जागी लेक. मावशीला स्वतःचं कुणी नव्हतं, ती सवतीच्या आईपाशी जाऊन रडायची."

मी उठले आणि खिडकीतल्या गठ्ठ्यावरचं भिंग उचललं.

दिघ्यांची पत्रं तारखेने लावायला फार वेळ लागला नाही. सगळी एकाच हातची, लिहिणारे आप्पा दिघे. एका पत्रात जानकीला डोहाळे कसले लागले याची चौकशी होती आणि पहिलं बाळंतपण माहेरीच होईल असं व्याह्यांना नम्रपणे कळवलं होतं. तारीख शालिनीताईंच्या जन्माच्या आधीची. त्या वेळी ही दुसरी आई घरात आलेलीच नव्हती. मग बारशाचं पत्र. मग शालूला दात आल्याचं वाचून आजीला झालेला आनंद. त्यानंतर एकही पत्र नाही. बरेच महिने नाही. आणि मग पुन्हा तेच अक्षर, तोच मायना, "चि. सौ. जानकीस अनेक आशीर्वाद. शालूला घेऊन वैशाखात ये. तुझ्या आईने तुझ्यासाठी लुगडं घेऊन ठेवलं आहे. परकं वाटून घेऊ नकोस."

परकं वाटून घेऊ नकोस! बाप आपल्या पोटच्या मुलीला असं कशाला लिहील? मी पत्र खाली ठेवलं. मधल्या महिन्यांत एक कार्ड गेलं असणार, ते कुणीतरी उंबऱ्याबाहेर वाचून फाडलं असणार आणि अंघोळ केली असणार. गठ्ठ्यात एक जानकी नव्हती. दोन होत्या. पण मरणाचं पत्र नाही म्हणून मला ती एकच बाई वाटली. पत्रं सासरी चारचौघांत वाचली जायची, म्हणून आप्पांनी मुलीचं माहेरचं नाव एकदाही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी घेऊन कात्रपला गेले. शालिनीताईंच्या घरात पत्रिकेचे नमुने पसरले होते. मी दोन पत्रं त्यांच्यापुढे ठेवली, आधी डोहाळ्यांचं, मग लुगड्याचं, आणि सावकाश सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"म्हणजे दिघ्यांचं घर..."

"तुमचं आजोळ. पहिल्यापासून तेच."

"ती आजी?"

"तुमची सख्खी आजी."

त्यांनी पत्रांच्या घड्या घातल्या. नंतर एकदम बोलायला लागल्या. "चौदाव्या वर्षापासून मी तिथे गेले नाही. आई दर मे महिन्यात म्हणायची, चल ना शालू, आजी वाट बघते. मी एकदा म्हटलं, तुझी आई आहे ती, माझी नाही. त्यानंतर तिने कधी चल म्हटलं नाही. एकटीच जायची." मग जरा थांबून, "आणि लग्नात बंडूमामा माझ्या मागे उभा राहून हुंदके देत होता. मला राग आला होता. म्हटलं, हा परका माणूस माझ्यासाठी कशाला रडतोय?"

"परका नव्हता."

"बहिणीची मुलगी होते मी त्याच्या." आणि मग त्या रडल्या. मीही रडले, उगाच कशाला लपवू. धंद्यात रडायचं नसतं असं गद्रेकाका सांगायचे, शाई फुटते म्हणून. मी पत्रं बाजूला घेतली.

आईने हे कधी सांगितलं का नाही, ते कुठल्याच कागदात नाही. तर्क मी करू शकले असते, पण तो शालिनीताईंनीच केला. "तिला स्वतःचे आई-बाप नसणार. दिघ्यांखेरीज तिच्याकडचं दुसरं कुणी मी कधी पाहिलं नाही. दिघ्यांकडे तिला माहेर मिळालं. हे तुझं आजोळ, असं मला सांगितलं असतं तर तेव्हाच्या माझ्या रागात मी तिला काय म्हटलं असतं? माझंच मला दे, असंच म्हटलं असतं." असं म्हणून त्यांनी कपाटातून एक लहानशी डबी काढली. आईने जाताना त्यांच्या हातात दिलेली. जुना दागिना, मोडीत घालू म्हणून तशीच राहिलेली. आत टाक होता. एका बाईचा चेहरा ठसवलेला, पण नाक-डोळे जवळजवळ पुसले गेले होते. आयुष्यभर गळ्यात राहून झिजले होते. शालिनीताईंनी त्यावरून बोट फिरवलं. जन्म देणाऱ्या आईचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. होता तो हा.

माणगावचा पत्ता शोधावा लागला नाही. लहानपणच्या वाटा त्यांना पाठ होत्या. बंडूमामा गेले, त्यांचा मुलगा आहे. गाडी दारात थांबली तेव्हा त्याच्या बायकोने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "वन्सं, किती वर्षं लावलीत यायला." शालिनीताईंनी देवापुढे अक्षत ठेवली. मला फोनवर म्हणाल्या, "परसातला फणस आहे अजून. मी लहानपणी त्याच्यावर चढून बसायचे. आजी खाली उभी राहून ओरडायची." आवाज इतका तरुण होता की क्षणभर मला वाटलं, चुकीचा नंबर लागला.

पत्रिका छापायला मीच त्यांना मनोहरभाईंकडे पाठवलं. आठवडाभराने मनोहरभाईंचा मला फोन आला. मागे दुकानात छपाईचा खडखडाट चालू होता.

"मॅडम, आपकी कस्टमर ने पत्रिका में ऊपर पूर्वजों के नाम दिए हैं, आशीर्वाद के लिए. उसमें कै. जानकी दो बार आ गया है. सेम नाम, सेम सरनेम. मिस्टेक होगी, बुजुर्ग हैं. एक काट दूँ?"

"नको मनोहरभाई," मी म्हटलं. "दोन्ही राहू देत. आणि दोन्ही सारख्याच अक्षरात छापा, लहानमोठं करू नका."